तळ्याचं पाणी आणि दहा वर्षांच्या तारखा



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचे ठरले, तेव्हा वाटणीत आमच्याकडे आपल्या महाडच्या इतिहासावरचा लेख आला. आम्ही मनात म्हटले, महाडकरांना महाडचा इतिहास काय सांगायचा? २० मार्च आणि २५ डिसेंबर या दोन तारखा इथल्या लेकरांना बाराखडीच्या आधी पाठ होतात. दोन्ही दिवशी गावोगावची माणसं येतात, चवदार तळ्यावर जातात, क्रांतिस्तंभापुढे वाकतात, आपल्या आयाबहिणी त्यांच्यासाठी पिठलं-भात रांधतात. यात नवीन ते काय लिहायचे?

म्हणून एका रविवारी वंदना झाल्यावर विहारात बसलेल्या तरुण मुलांना आम्ही सहज विचारले, "काय रे, तळ्याचं पाणी भरण्याचा हक्क आपल्याला कधी मिळाला?" सगळ्यांनी एका सुरात सांगितले, "१९२७ ला!" मोठ्या माणसांनीही माना हलवल्या. खरे सांगायचे तर चार पुस्तके चाळेपर्यंत आम्हीही तेच सांगितले असते. पाणी प्यायले ते २० मार्च १९२७ ला. पण त्या पाण्यावर आपला हक्क आहे यावर हायकोर्टाचे शिक्कामोर्तब झाले ते १७ मार्च १९३७ ला. मोजून दहा वर्षांना तीन दिवस कमी! ही मधली दहा वर्षे आपल्या बोलण्यातून पार गळून गेली आहेत. हा लेख त्या दहा वर्षांसाठी आहे.

तशी सुरुवात १९२७ च्याही आधीची. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर फौजेतून १८८६ साली निवृत्त झाले आणि दापोलीला राहिले. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहून धर्ममार्तंडांना सरळ प्रश्न विचारले. महारांची फौजेतली भरती बंद झाली तेव्हा अर्ज करणारेही तेच. १८९५ साली त्यांना महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमले गेले, तर बाकीच्या सभासदांना त्यांच्याशेजारी बसायचे जड झाले. म्हणजे बघा, चवदार तळ्याच्या बत्तीस वर्षे आधी याच गावात एका खुर्चीवरून गहजब झाला होता.

पुढे ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मांडून मंजूर करून घेतला : सार्वजनिक पैशाने बांधलेली किंवा राखलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. ठराव झाला, वहीत लिहिला गेला, वही कपाटात गेली. तळ्यावर कोणी गेले नाही. जाणार कोण? तळ्याच्या चारी बाजूंना रस्ता आणि रस्त्यापलीकडे घरे कोणाची, ते सगळ्यांना माहीत होते.

तो कागद कपाटातून बाहेर काढायचे मनावर घेतले ते लाडवलीच्या रामचंद्र बाबाजी मोरे यांनी. तेव्हा त्यांचे वय पंचविशीच्याही आत. त्यांच्याबरोबर अनंतराव चित्रे आणि महाडचे सुरबानाना टिपणीस होते. ही दोघे कायस्थ प्रभू घरची माणसे, पण त्या काळात आपल्या लोकांसोबत उभी राहिली, हे आम्ही मोकळ्या मनाने लिहितो. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद १९ आणि २० मार्च १९२७ ला भरली. परिषदेला आलेल्या माणसांना प्यायला पाणी हवे, तर ते चाळीस रुपयांचे विकत घ्यावे लागले. चाळीस रुपये! त्या काळातल्या चाळीस रुपयांचे मोल वडीलधाऱ्यांना विचारा. गावात एवढे मोठे तळे भरलेले, ते सर्वांना खुले केल्याचा नगरपालिकेचा ठराव झालेला, आणि पाणी विकत.

२० तारखेला बाबासाहेब सर्वांना घेऊन तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्यायले. मागून हजारो ओंजळी. तो प्रसंग आपण दरवर्षी ऐकतो, म्हणून इथे फार लिहीत नाही. नंतर वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठवून जेवणाऱ्या, परतीच्या वाटेला लागलेल्या माणसांवर लाठ्या चालवल्या गेल्या. बाबासाहेब डाकबंगल्यावर होते. लोक प्रत्युत्तराला तयार होते, हात शिवशिवत होते, पण त्यांनी आवरले. कितीतरी जणांना त्या दिवशी मुसलमान शेजाऱ्यांच्या घरांत आसरा मिळाला. पुढे जूनमध्ये हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार-चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. आणि तळे? तळ्यात शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या एकशे आठ घागरी ओतून ते 'शुद्ध' करण्यात आले. शेण घातलेले पाणी शुद्ध आणि माणसाचा हात लागलेले अशुद्ध, या हिशेबावर आम्ही काय लिहावे!

इथून दहा वर्षांची गोष्ट सुरू होते.

४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेने आपला जुना ठराव रद्द केला. बोल्यांच्या ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्याच तारखेला. बाबासाहेबांनी डिसेंबरात सत्याग्रह जाहीर केला. त्याला उत्तर म्हणून १२ डिसेंबरला महाडच्या दिवाणी कोर्टात दावा दाखल झाला, की हे तळे 'चौधरी तळे' आहे, सार्वजनिक नाही, आणि अस्पृश्यांनी तिथे जाऊ नये अशी वहिवाट आहे. १४ तारखेला तात्पुरता मनाईहुकूम निघालाही.

या दाव्यात प्रतिवादी कोण होते? डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. त्यांचे सहकारी सीताराम नामदेव शिवतरकर. कृष्णाजी कदम. आणि गण्या मालू चांभार. पहिले नाव साऱ्या जगाला ठाऊक, दुसरे अभ्यासकांना. उरलेली दोन नावे आम्ही आमच्या गल्लीत दहा घरी विचारली, एकाही घरी कोणी ओळखली नाहीत. चौथे नाव पुस्तकांत 'गण्या' असेच आलेले आहे. गणू नाही, गणोजी तर नाहीच. आज आपण त्यांना गणूबाबा म्हणू. आणि हेही ध्यानात घेऊ की दाव्यात महारांबरोबर चांभार उभा होता. पाण्याची लढाई एका जातीची नव्हती, हे त्या चार नावांवरूनच दिसते.

मनाईहुकूम निघाला तरी माणसे यायची थांबली नाहीत. परिषदेच्या मंडपाला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. बाजारात शिधा मिळणार नाही म्हणून तो आधीच बाहेरून आणून साठवला होता. शिस्तीचे काम निवृत्त सुभेदार घाडगे यांच्याकडे होते. बाबासाहेब आणि मुंबईची मंडळी २४ डिसेंबरला 'पद्मावती' बोटीने निघाली. धरमतरची वाट जवळची, पण तिथून पुढे मोटारवाल्यांनी बसूच दिले नाही तर? दासगाव बंदराला उतरले, तर महाड पाच मैल, ते पायी तोडता येतात. असा बारीक विचार करून लांबची वाट घेतली होती. दासगावला हजारो माणसे वाट बघत उभी होती.

२५ च्या रात्री सहस्रबुद्ध्यांच्या हातून मनुस्मृती जळाली. पण खरी कसोटी दुसऱ्या दिवसापासून लागली. सत्याग्रह करायचा की कोर्टाचा हुकूम पाळायचा? सत्याग्रहासाठी ३,८८४ जणांनी नावे नोंदवली. ही माणसे तुरुंगात जायच्या तयारीने घरातून निघाली होती. कोणी बायकोला, कोणी म्हाताऱ्या आईला सांगून आलेले. कलेक्टरने स्वतः मंडपात येऊन थांबायला सांगितले. बाबासाहेबांनी दोन्ही बाजू लोकांपुढे मांडल्या आणि शेवटी, एका वेळी स्पृश्यांशीही आणि सरकारशीही लढायचे नाही, कोर्टातली लढाई कोर्टात जिंकू, असे पटवले. मग मिरवणूक निघाली. शिस्तीत, रांगेने, तळ्याला पूर्ण वळसा घालून ती परत मंडपाशी आली. पाणी चार पावलांवर, आणि एकानेही हात घातला नाही.

आम्हांला विचाराल तर मार्चमध्ये पाणी पिण्याला जेवढी छाती लागली, तेवढीच डिसेंबरात न पिण्याला लागली. कदाचित जास्तच. पण आपल्या गाण्यांत, भाषणांत ती मिरवणूक क्वचितच येते.

त्याच मुक्कामात बाबासाहेब बायकांशी वेगळे बोलले. लुगडे चारचौघींसारखे नेसा, अंगावर ते जड चांदी-कथलाचे दागिने घालू नका, मेलेल्या जनावराचे मांस घरात शिजू देऊ नका, मुलींना शिकवा. ऐकलेल्या बायकांनी तिथेच लुगड्याची नेसण बदलली, आणि लक्ष्मीबाई टिपणीस आणि इंदिराबाई चित्रे यांनी त्यांना ती नीट करून दाखवली. इकडे गावी परतल्यावर मेलेली ढोरे ओढायचे बंद केले, म्हणजे गावाशी वैर आलेच. कोर्टाचे काम मुंबईचे वकील पाहत होते; गावातले रोजचे कोर्ट आपल्या आज्या-पणज्यांनी चालवले.

फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाईहुकूम उठला, पण दावा चालूच राहिला. ८ जून १९३१ ला महाडच्या कोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला. वादी ठाण्याला अपिलात गेले. ३० जानेवारी १९३३ ला तिथेही हरले. मग हायकोर्ट. मधल्या काळात बाबासाहेब तीन वेळा गोलमेज परिषदेला गेले, पुणे करार झाला, काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालून संपला, येवल्याची घोषणा झाली. आणि इकडे एका तळ्याची फाइल या टेबलावरून त्या टेबलावर चाललेली. ज्यांनी आयुष्यात एकदा तरी जमिनीची तारीख केली आहे, त्यांना तारीख पडणे म्हणजे काय ते सांगायला नको.

१७ मार्च १९३७ ला हायकोर्टाचे न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड आणि वाडिया यांनी अपील फेटाळले. तळे नगरपालिकेचे ठरले. वहिवाटीचा मुद्दा त्यांनी असा सोडवला : अशी चाल कायद्याने मानायची तर ती अनादि काळापासूनची हवी, तसा पुरावा नाही. भोवती सवर्णांची घरे उभी राहिल्यावर, अलीकडच्या काळातच कोणाला दूर ठेवायचा प्रश्न आला असेल. शिवाय मुसलमान त्या तळ्याचे पाणी नेतच होते, तेव्हा बाटण्याची गोष्ट कशी टिकणार?

तीन वर्षांनी, १९ मार्च १९४० ला बाबासाहेब पुन्हा महाडला आले, तेव्हा नगरपालिकेने त्यांना मानपत्र दिले. ठराव करणारी नगरपालिका तीच, रद्द करणारी तीच, आणि मानपत्र देणारीही तीच.

आता एक विनंती. २२ जुलै २०२१ च्या महापुरात आपल्या कितीतरी घरांत पाणी छातीपर्यंत चढले. भांडीकुंडी, धान्य तर गेलेच, पण जुन्या ट्रंकांतले कागद, फोटो, पेन्शनची बुकेही चिखल झाली. त्या ३,८८४ नावांत आपल्या आसपासच्या गावांची किती असतील, याची घरटी आठवण जी काही उरली आहे ती म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीच. २०२७ हे शताब्दीचे साल; त्यासाठी विहारात एक जाड वही ठेवली आहे. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी, आज्या-पणज्यांपैकी कोणी परिषदेला गेले असेल, दासगावला उभे असेल, मंडपात भाकऱ्या थापल्या असतील, तर त्यांचे नाव, गाव आणि ऐकलेली हकिगत त्यात लिहून द्यावी. लिहिता येत नसेल तर सांगा, आम्ही लिहून घेऊ. फोटो असेल तर दाखवायला आणा, लगेच परत मिळेल. वही रविवारी वंदनेनंतर दाराजवळच्या टेबलावर असते. पहिले पान कृष्णाजी कदम आणि गणूबाबांसाठी कोरे सोडले आहे. त्यांच्या घरचे कोणी जवळपास असेल, तर ते पान त्यांनीच भरावे.