धरणातलं पाणी मोजतो, मासोळीचं काय?

येलदरी किती टक्के भरलं, ही बातमी मी दर पावसाळ्यात लिहितो. मासोळीचं मात्र कुणी विचारत नाही. म्हणून हा थोडा इतिहास.

पूर्णा नदीवरचं येलदरी धरण 1968 मध्ये पूर्ण झालं, सिंचन अन् विजेसाठी. पण रोहू, कटला, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातला वाहता पूर लागतो.

यावरचा तोडगा आधीच निघाला होता. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुल इथं डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशांच्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून त्यांच्याकडून अंडी घालून घेतली. पुढं मत्स्यबीज केंद्रं आली, बोटुकली विकत आणून धरणात सोडता येऊ लागली.

बीज माणसाच्या हाती आलं, पाऊस नाही. नॉर्वेचे शास्त्रज्ञ योहान यॉर्ट यांनी 1914 मध्येच मांडलं होतं, की पुढं जाळ्यात किती मासे येणार हे त्या-त्या वर्षी किती पिल्लं जगली यावर ठरतं. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, तेव्हा येलदरीतही पाणी फारच कमी उरलं होतं. तिथं पिल्लं कशी वाढणार?

माझं म्हणणं एवढंच : बीज कॅलेंडर बघून नको, साठा बघून सोडा. दुष्काळी वर्षी ठेक्याच्या रकमेत सूट द्या. पाणीवाटपाच्या बैठकीत मासेमारांनाही खुर्ची ठेवा. शेतकऱ्याची पेरणी बुडाली तर पंचनामा होतो. भोयाची पेरणी पाण्याखाली असते, एवढाच फरक.

तुम्हाला काय वाटतं?