टाइपस्क्रिप्टमधलं 'प्रायव्हेट' ब्राउझरमध्येही प्रायव्हेट राहतं का?

अनेक वेबसाइटचा कोड टाइपस्क्रिप्टमध्ये लिहिला जातो. ब्राउझरला मात्र जावास्क्रिप्टच कळतं, म्हणून कंपायलर आधी त्याचं रूपांतर करतो. या रूपांतरात एक शब्द गायब होतो: 'प्रायव्हेट'.

समजा, बँक खात्याचा एक क्लास आहे. त्यात नाव 'पब्लिक', म्हणजे कुठूनही वाचता येणारं. पिन 'प्रायव्हेट', म्हणजे फक्त क्लासच्या आत वापरायचा. बाहेरून कुणी पिन वाचायला गेलं की कंपायलर एरर दाखवतो. पण हा पहारा तेवढ्यापुरताच. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये आणलेल्या या भाषेत तपासणी झाली की असे शब्द पुसले जातात. तयार झालेल्या जावास्क्रिप्टमध्ये नाव आणि पिन दोन्ही सारखेच उघडे! तो ऑब्जेक्ट जेसनमध्ये बदलून लॉगमध्ये टाकला, तर नावासोबत पिनही छापला जातो.

जावास्क्रिप्टची स्वतःची सोय वेगळी आहे: नावाआधी # लावायचं. २०२२ च्या मानकात ती अधिकृत झाली. टाइपस्क्रिप्टने मात्र २०२० मध्येच, ३.८ या आवृत्तीपासून ती स्वीकारली होती. असा पिन क्लासबाहेरच्या कोडला वाचता येत नाही आणि जेसनमध्येही उतरत नाही. जुन्या ब्राउझरसाठी कंपायलर तो 'वीकमॅप' नावाच्या वेगळ्या साठ्यात ठेवतो. त्याने कोड थोडा बोजड होतो, इतकंच.

अर्थात, ब्राउझरपर्यंत आलेला कोड डेव्हलपर टूल्समधून कुणालाही उघडून पाहता येतो. त्यामुळे थेट कोडमध्ये लिहिलेला पासवर्ड # लावूनही लपत नाही. तो सर्व्हरवरच ठेवावा लागतो.