पांढरीची माती

1968 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजची माणसं घोड नदीकाठी, इनामगावच्या पांढरीच्या टेकाडावर खणायला आली. गावात कुजबुज, गुप्तधन काढणार! ती माती तर आमचे वडील खत म्हणून गाड्या भरभरून शेतात नेत. त्यात काय काय गेलं असेल, आता कुणाला विचारायचं?

आजी तिथं रोजानं घमेली उचलायची. एकदा जुन्या घराच्या भुईत मातीचा गोल ओटा निघाला. आजी बोलून गेली, "आवं, ही तर कणगीची बैठक. दाणं ठिवायची." दुसऱ्या दिवशी दोन पोरगेले साहेब टेप घेऊन घरी हजर. आमच्या कणगीखालचा ओटा मोजला, चित्र काढलं, उंदरांचं विचारलं. आजी अवघडून दाराआड उभी. तिला वाटलं, आपली गरिबी बघायला आलेत.

1983 पर्यंत 12 हंगाम खोदकाम चाललं. शंभरावर घरं निघाली, जवाचे जळके दाणे निघाले, नदीचं पाणी फिरवणारा पाट निघाला. सगळं तीन हजार वर्षांपूर्वीचं.

आजीनं मात्र त्या दिवसापासून पांढरीची माती शेतात टाकू दिली नाही. "मग खत कुठनं आणू?" वडील विचारायचे. ते भांडण बरीच वर्षं चाललं.