दीर्घिकेची कड कोठे संपते?

दीर्घिकेचे चित्र काढायला सांगितले, की विद्यार्थी फळ्यावर एक सर्पिल चकती काढतात. ती चकती जिथे संपते तिथे दीर्घिका संपली, असे आपणही धरून चालतो. ही समजूत अपुरी आहे, हे क्वासारांच्या प्रकाशाने दाखवून दिले.

१९६३ साली मार्टेन श्मिट यांनी ३सी २७३ या ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या वस्तूच्या वर्णपटाचे कोडे सोडवले. त्यातील रेषा हायड्रोजनच्याच होत्या. मात्र प्रत्येकीची तरंगलांबी सुमारे १६ टक्क्यांनी वाढलेली होती. विश्वाच्या प्रसरणामुळे होणारी ही वाढ म्हणजे ताम्रसृती. ती जितकी अधिक, तितकी वस्तू दूर. अशा अतिदूर, अतितेजस्वी वस्तूंना क्वासार म्हणतात.

मागच्या दिव्याच्या उजेडात पुढचा धूर कळावा, तसा वाटेतील वायू क्वासारच्या प्रकाशात कळायला हवा. १९६६ पासून क्वासारांच्या वर्णपटांत अरुंद काळ्या रेषा, म्हणजे शोषणरेषा, सापडू लागल्या. त्यांतील अनेक रेषांची ताम्रसृती क्वासारपेक्षा कमी होती. मग हा वायू क्वासारनेच आपल्या दिशेने फेकलेला, की वाटेतला? १९६९ साली जॉन बाकॉल आणि लायमन स्पिट्झर यांनी सुचवले, की तो वाटेतील दीर्घिकांभोवतीच्या विस्तीर्ण वायुमंडलांतील असावा. तसे असेल तर ही वायुमंडले दीर्घिकेच्या प्रकाशमान भागापेक्षा बरीच मोठी असायला हवीत.

या तर्काची कसोटी सोपी होती. शोषणरेषेची जी ताम्रसृती, तीच असणारी दीर्घिका क्वासारच्या दिशेजवळ सापडली पाहिजे. प्रयोगशाळेत आपण मॅग्नेशियमची फीत जाळतो. त्याच मॅग्नेशियमच्या अणूने एक इलेक्ट्रॉन गमावला, की तो २७९.६ आणि २८०.३ नॅनोमीटर या तरंगलांबींचा प्रकाश शोषतो. हे अतिनील किरण पृथ्वीचे वातावरण अडवते. पण ताम्रसृती ०.४३ असेल, तर दोन्ही आकड्यांना १.४३ ने गुणायचे. उत्तर येते ४०० नॅनोमीटरच्या आसपास, आणि ही जोडी जमिनीवरील दुर्बिणीच्या आवाक्यात येते.

अडचण दीर्घिकेची होती. झगझगीत क्वासारशेजारी ती अगदी मंद दिसते, त्यामुळे तिचा वर्णपट मिळवणे कठीण. तरीही १९८६ साली फ्रेंच संशोधिका जॅकलिन बर्जेरॉन यांनी पीकेएस २१२८-१२ या क्वासारजवळ नेमक्या ०.४३ ताम्रसृतीची दीर्घिका शोधली. १९९१ साली पॅट्रिक बॉइसे यांच्यासह त्यांनी अशी आणखी उदाहरणे मांडली. काही शोषणरेषा क्वासारच्याच वायूच्या असतात, हेही खरे. म्हणून प्रत्येक रेषेची स्वतंत्र तपासणी करावी लागते.

२००९ साली हबल दुर्बिणीवर अतिनील किरणांसाठी नवा वर्णपटमापक बसवला गेला. त्याच्या साहाय्याने जेसन टमलिन्सन आणि सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवले, की नवे तारे घडवणाऱ्या दीर्घिकांभोवती दूरवर ऑक्सिजन पसरलेला आहे. ऑक्सिजन ताऱ्यांच्या पोटात तयार होतो. म्हणजे तो आतूनच बाहेर फेकला गेला असला पाहिजे.

पुढच्या वेळी फळ्यावर चकती काढून झाली, की विद्यार्थ्यांना विचारू या: 'कड कोठे काढायची, आणि ती कोणत्या पुराव्यावर?'