डिस्क आणि पॅडचा जोडबदल

मोटारीचे ब्रेक पॅड झिजले की त्यांच्याबरोबर डिस्कही बदलावी का, हा प्रश्न आज गॅरेजमध्ये रोज विचारला जात असला, तरी तो पडावा अशी परिस्थिती तयार व्हायला डिस्क ब्रेकच्या जन्मानंतर जवळजवळ पाऊण शतक जावे लागले. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी म्हणजे डिस्क, आणि कॅलिपर नावाच्या चिमट्यात बसून तिला दोन्ही अंगांनी दाबणारे घर्षणाचे तुकडे म्हणजे पॅड. ही रचना फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ मध्येच पेटंट करून ठेवली होती. परंतु तांब्यासारख्या धातूचे अस्तर धातूवरच घासल्याने होणारा कर्कश आवाज आणि त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर होणारी झपाट्याची झीज यांमुळे ती मागे पडली, आणि पुढची पन्नासेक वर्षे ड्रम ब्रेकचीच राहिली.

ड्रम ब्रेकमध्ये फिरत्या पोकळ ड्रमच्या आत दोन अर्धवर्तुळाकार शू असतात व त्यांवर लायनर, म्हणजे घर्षणाचे अस्तर, बसवलेले असते. डर्बीशायरमधील हर्बर्ट फ्रूडने स्थापन केलेल्या फेरोडो कंपनीने अ‍ॅस्बेस्टॉसचे लायनर प्रचारात आणल्यावर या व्यवसायाची एक काटकसरीची शिस्त ठरून गेली: शू तोच ठेवायचा, जुन्या लायनरचे रिव्हेट काढून नवे लायनर ठोकायचे, आणि ड्रमला चर पडले असतील तर तो लेथवर आतून कातून घ्यायचा. लोखंड टिकवायचे आणि अस्तर खर्ची घालायचे, हा तिचा गाभा होता.

१९५३ च्या ल मां शर्यतीत डनलॉपच्या डिस्क ब्रेकसह उतरलेली जॅग्वार सी-टाइप विजयी झाली आणि ड्रम तापून ब्रेक निकामी होण्याच्या जुन्या दुखण्यावर उपाय सापडल्याची खात्री पटली. १९५५ मध्ये सित्रोएन डीएसने तो सामान्य ग्राहकाच्या मोटारीत, पुढच्या चाकांसाठी, आणला. साधन बदलले, तरी कारागिरांची सवय मात्र ड्रमच्या काळातलीच राहिली. डिस्क जाडजूड असत, अ‍ॅस्बेस्टॉसचे पॅड त्यांच्या मानाने मऊ असत, आणि सुटा भाग महाग तर मजुरी स्वस्त असल्याने डिस्क कातून पुन्हा वापरणे हेच शहाणपणाचे ठरत असे. भारतात या हिशेबाला आणखी बळ होते, कारण येथे लेथचे कारखाने गल्लोगल्ली होते.

हा हिशेब तीन बाजूंनी बिघडला. अ‍ॅस्बेस्टॉसच्या तंतूंमुळे फुप्फुसांचे असाध्य रोग होतात हे सिद्ध झाल्यावर ब्रिटनने १९९९ मध्ये व युरोपीय संघाने २००५ पासून त्यावर बंदी घातली. त्याच्या जागी आलेल्या पॅडपैकी पोलादाचे तंतू घातलेले पॅड डिस्कला अधिक खात. दुसरीकडे १९७३ च्या तेलसंकटानंतर मोटारींचे वजन घटवण्याच्या धडपडीत डिस्कवरचे जास्तीचे लोखंडही कमी झाले. तिसरे कारण निव्वळ बाजाराचे आहे: पाश्चात्त्य देशांत मजुरी चढली, ओतीव लोखंडाची डिस्क स्वस्त झाली, आणि कातण्याचा खर्च नव्या डिस्कच्या किमतीला जाऊन भिडला.

बदललेले गणित एका उदाहरणात दिसते. नवी असताना २२ मिलिमीटर जाड असलेल्या डिस्कची किमान मर्यादा २० मिलिमीटर असेल, तर पहिल्या पॅडजोडीने एक मिलिमीटर खाल्ल्यावर आणि लेथने दोन्ही बाजू मिळून अर्धा काढल्यावर उरलेला अर्धा मिलिमीटर दुसरी पॅडजोडी संपण्याआधीच संपतो. ही किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते, पण मोजण्यात एक चकवा आहे. पॅड जेथे पोचत नाही त्या बाहेरच्या कडेला न झिजलेल्या, गंजलेल्या लोखंडाची कंगोऱ्यासारखी धार उरते, आणि साधा व्हर्नियर आडवा लावला की तो नेमकी ती धारच मोजतो. म्हणून टोकदार तोंडाचा मायक्रोमीटर धारेच्या आत नेऊन, चार-सहा ठिकाणी, जाडी घ्यावी लागते. ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरले की डिस्क ‘वाकडी’ झाली असे सर्रास म्हटले जाते, वास्तविक बहुतेक वेळा दोष जाडीतील काही शतांश मिलिमीटरच्या फरकाचा असतो. डिस्क मर्यादेच्या पुरेशी वर, सपाट आणि तडे नसलेली असेल, तर केवळ रिवाज म्हणून ती बदलण्याला तांत्रिक आधार नाही. जोडबदलाचा आग्रह पुष्कळदा मोजण्याचा वेळ वाचवण्यासाठीही असतो. एकाच अक्षावरची दोन्ही चाके मात्र सोबतच करावीत, हा ड्रमच्या काळचा नियम आजही अबाधित आहे.

युरोपीय संघाच्या २०२४ मध्ये संमत झालेल्या यूरो ७ नियमांनी ब्रेकमधून उडणाऱ्या धुळीवरही मर्यादा घातली असून, त्यामुळे कठीण लेप दिलेल्या डिस्कचे महत्त्व वाढत आहे. पोर्शने २०१७ मध्ये आणलेल्या अशा डिस्कवरील टंगस्टन कार्बाइडचा थर मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाइतकाच जाड आहे. तिच्यासाठी पॅडही खास बनवलेले लागतात, आणि ती लेथवर चढवली तर पहिल्याच कापात तो थर निघून जाईल.