गर्भारपणातील डोकेदुखी : कानशिले ठणकतात तेव्हा

गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत डोके दुखणे, कानशिले ठणकणे ही तक्रार सर्रास आढळते. संप्रेरकांतील बदल हे तिचे एक कारण. ओकाऱ्यांमुळे अंगातील पाणी कमी होणे, उपाशी राहणे, अपुरी झोप आणि एकाएकी बंद केलेला चहा ही इतर. साखळी-डिचोली परिसरातील एप्रिल-मेचा उकाडा त्यात भर घालतो. कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखी वेदना बहुधा ताणाची असते; एकच बाजू ठणकणे, मळमळणे, उजेड न सोसणे ही अर्धशिशीची लक्षणे. अर्धशिशीचा जुना त्रास असलेल्या अनेक स्त्रियांना चौथ्या महिन्यानंतर उलट आराम पडतो.

पुरेसे पाणी, वेळेवर जेवण आणि विश्रांती एवढ्याने पुष्कळदा भागते. गोळी घ्यावीच लागली, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या विसाव्या आठवड्यानंतर बाळाच्या मूत्रपिंडास अपाय करू शकतात. अर्गोटयुक्त अर्धशिशीच्या गोळ्या तर गर्भारपणी वर्ज्यच. घरातील जुन्या पाकिटातली गोळी काढून देण्याची सवय नडते ती इथे.

खरा धोका विसाव्या आठवड्यानंतरचा. या काळात रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर गेला आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागली, तर त्या विकाराला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे चमकणे, उजव्या बरगड्यांखाली दुखणे, चेहऱ्यावर व हातांवर अचानक सूज येणे ही त्याची लक्षणे. पाय तर सगळ्याच गर्भवतींचे थोडेफार सुजतात आणि डोके ‘उन्हाने चढले’ असे घरचेच ठरवून टाकतात. दुखणे अंगावर काढले जाते ते यामुळेच. वेळीच उपचार न झाल्यास झटके येऊन आई व बाळ दोघांच्याही जिवावर बेतते. मॅग्नेशियम सल्फेटच्या इंजेक्शनाने झटक्यांची शक्यता निम्म्याहून कमी होते, हे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मॅगपाय या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसून आले. मूळ विकार मात्र प्रसूतीनंतरच ओसरू लागतो.

तोही लगेच नव्हे. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. तोवर घराचे सारे लक्ष बाळाकडे वळलेले असते आणि बाळंतिणीचे डोके दुखणे जागरणाच्या खात्यावर मांडले जाते.

रक्तदाब व लघवीची तपासणी साखळीच्या सरकारी आरोग्य केंद्रात होते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी केली जाते. रक्तदाब १६०/११० वर गेला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पुढील उपचारांसाठी म्हापशाचे जिल्हा इस्पितळ व बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे.