चित्रातले शिलेदार, हजेरीतले बारगीर

सोलापुरातल्या आमच्या उर्दू शाळेत रोज हजेरी घेताना आम्ही जमादार, बारगीर, रिसालदार अशी आडनावे पुकारतो. ती कुठून आली, असे एका मुलाने विचारले, तेव्हा आम्ही वर्गात एका जुन्या पुस्तकातली चित्रे दाखवली.

मेजर ए. सी. लव्हेट हे ब्रिटिश फौजेतले अधिकारी आणि जलरंगातले चित्रकार. त्यांच्या ७२ रंगीत चित्रांचे ‘द आर्मीज ऑफ इंडिया’ हे पुस्तक १९११ साली लंडनहून निघाले. मजकूर मेजर मॅकमन यांचा. साफा, कमरबंद, दाढीची ठेवण, सारे लव्हेटांनी मन लावून रंगवले. पण बहुतेक चित्रांखाली पलटण आणि जमात लिहिली आहे, माणसाचे नाव नाही. इंग्रज सरकार ‘लढाऊ जमाती’ निवडून भरती करी. त्याला नमुने हवे होते, माणसे नव्हेत.

त्या काळी हिंदी घोडदळात बहुतेक शिलेदारी पद्धत होती. स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार, दुसऱ्याच्या घोड्यावर चाकरी करणारा बारगीर. मराठ्यांच्या आणि दखनी सुलतानांच्या फौजेतलेच हे शब्द इंग्रजांनी उचलले.

यात आमचा मुलूखही येतो. हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या खर्चासाठी इंग्रजांनी १८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाड, रायचूर दुआब आणि शेजारचा नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख घेतला. धाराशिव आणि रायचूर १८६० साली परत गेले. मधली सात वर्षे इथल्या शेतकऱ्याचा सारा त्या फौजेवर खर्च झाला. याच फौजेच्या रिसाल्यांतून १९०३ साली ‘डेक्कन हॉर्स’ हे नाव आले. त्यात दखनी मुसलमान स्वार होते.

१९१४ साली लव्हेट फ्रान्सच्या आघाडीवर पलटण घेऊन लढत होते. त्याच वर्षी २० वी डेक्कन हॉर्सही फ्रान्सला पोहोचली. १४ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत तिच्या स्वारांनी हाय वूडजवळ भाले घेऊन हल्ला चढवला. राज्य परक्याचे, लढाई परक्याची. मेले ते मात्र आपले होते. त्यांना गद्दार म्हणणे आम्हाला पटत नाही आणि त्यांच्या चाकरीचा पोकळ अभिमानही नको. पोटासाठी गेलेल्या माणसाला निदान नाव तरी असावे.

आम्ही मुलांना गृहपाठ दिला : घरी विचारून पणजोबांचे नाव आणि काम लिहून आणा. निम्म्या वह्या कोऱ्या आल्या. भरलेल्या आम्ही शाळेच्या कपाटात जपून ठेवल्या आहेत.